शिकार एकाची, वाटा सगळ्यांचा : एका साध्या वाक्याचं संशोधन कसं होतं

"आफ्रिकी संस्कृतींमध्ये अन्न वाटून खाणे ही सामुदायिक भावनेची अभिव्यक्ती आहे." हे वाक्य तुमच्या संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असेल, तर तुमचे गाइड बहुधा त्याच्याखाली पेन्सिलीने एक रेघ ओढतील आणि पुढे जातील. वाक्य खोटं नाहीये. अडचण अशी की ते खोटं ठरूच शकत नाही. काय दिसलं तर हे वाक्य चूक आहे असं तुम्ही मान्य कराल? उत्तर नसेल, तर त्यावर तीन वर्षं काम करता येणार नाही. आज याच वाक्याचं काय काय करता येतं ते बघू, कारण या विषयावर गेली साठ-सत्तर वर्षं अनेकांनी अक्षरशः तराजू घेऊन काम केलंय, आणि त्यांची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

पहिली गडबड "आफ्रिकी संस्कृती" या शब्दातच आहे. खंडात ५४ देश, भाषा दोन हजारांच्या आसपास. इथिओपियात एका मोठ्या ताटात इंजेरा पसरून सगळे त्यातूनच खातात, आणि कुणी आपल्या हाताने शेजाऱ्याच्या तोंडात घास भरवतो, त्याला 'गुर्शा' म्हणतात. सेनेगलमध्ये मासे-भाताचं 'चेबू जेन' एकाच परातीत वाढलं जातं आणि जो तो आपल्यासमोरच्या भागातून खातो. नायजेरियातल्या इग्बो लोकांकडे पाहुणा आला की आधी कोलानट पुढे येतो, त्यावर प्रार्थना होते, मग तो फोडून वाटला जातो. तिन्ही ठिकाणी अन्न वाटलं जातंय, पण तीन वेगळ्या गोष्टी घडतायत. पहिल्यात जवळीक दाखवली जाते, दुसऱ्यात रोजचं जेवण आहे, तिसऱ्यात पोट भरण्याचा संबंधच नाही, तो स्वागताचा विधी आहे. या तिघांना एकाच रकान्यात टाकलं की पुढे कुठलीही मोजणी केली तरी अर्थ लागणार नाही.

म्हणून आपण जागा निवडू. मी दोन निवडते. एक, बोत्स्वाना आणि नामिबियाच्या सीमेवरचे जुहोआन्सी. (त्यांच्या नावात एक दातांमागे जीभ लावून चटकन काढायचा आवाज आहे, देवनागरीत त्याला अक्षर नाही. जुन्या पुस्तकांत हेच लोक 'कुंग' या नावाने भेटतील.) दुसरे, उत्तर टांझानियात एयासी सरोवराच्या आसपास राहणारे हाड्झा, जे सगळे मिळून जेमतेम हजार-तेराशे आहेत. दोघेही शिकार आणि कंदमुळं, फळं, मध गोळा करून जगण्यासाठी ओळखले जातात. ही निवड "खरा आफ्रिका" म्हणून केलेली नाही. आफ्रिकेतली बहुसंख्य माणसं शेती करतात, गुरं पाळतात, शहरात नोकऱ्या करतात. निवडीचं कारण इतकंच की इथे नोंदी सगळ्यात जास्त आहेत आणि त्या पुन्हा पुन्हा तपासल्या गेल्यात. आणि हो, "हे लोक म्हणजे आदिमानवाचा नमुना" असं प्रस्तावात लिहू नका. ते आजच्या काळातले लोक आहेत, त्यांच्या भोवती गुरं, सरकारं, दुकानं सगळं आहे.

आता तराजू. रिचर्ड ली हे मानववंशशास्त्रज्ञ १९६३ मध्ये डोबे नावाच्या पाणवठ्यावर पोचले. १९६४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्यांनी सलग २८ दिवस एक काम केलं : वस्तीत रोज किती माणसं आहेत, कोण अन्न आणायला बाहेर पडलं, किती वजनाचं काय आणलं, याची नोंद. निष्कर्ष त्या काळात धक्कादायक होता. अन्न मिळवण्यासाठी माणशी आठवड्याला साधारण अडीच दिवस जात होते आणि माणशी रोज २१४० च्या आसपास कॅलरी मिळत होत्या. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. शिकारीच्या वयाचे काही पुरुष महिनाभर शिकारीला गेलेच नाहीत, आणि तरी मांस त्यांच्याही घरी पोचत होतं. म्हणजे "कोण आणतो" आणि "कोण खातो" या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्या लागतात. ऐकायला साधं वाटतं, पण कितीतरी प्रबंधांत फक्त एकच नोंद असते आणि दुसरी गृहीत धरलेली असते.

मांस कसं फिरतं? लोर्ना मार्शल यांनी नामिबियाच्या बाजूला न्याए न्याए भागात राहून १९६१ मध्ये यावर एक सविस्तर लेख लिहिला. मोठं जनावर मारलं की त्याचा मालक ठरतो तो ज्याचा बाण जनावराला पहिल्यांदा नीट लागला तो. 'ज्याने मारला' तो नव्हे, 'ज्याचा बाण' तो. आणि बाण तर सतत एकमेकांना दिलेले-घेतलेले असतात. एखाद्या शिकाऱ्याच्या भात्यात चार जणांचे बाण असू शकतात, त्यातला एखादा म्हाताऱ्याचा, एखादा बाईच्या मालकीचा. त्यामुळे वाटप करण्याचा मान (आणि डोकेदुखी) अशा माणसाकडे जाऊ शकते जो त्या दिवशी झाडाखाली बसून होता. बाणाला एका भुंग्याच्या अळीचं विष लावलेलं असतं, जनावर पडायला तास, कधी दिवसही लागतात, माग काढायला चार-पाच माणसं लागतात. मग पहिला वाटा या शिकारीत असलेल्यांचा आणि बाणमालकाचा. त्यांच्याकडून दुसरा फेरा : सासू-सासरे, आई-वडील, बायको, मुलं, भावंडं. त्यांच्याकडून तिसरा. कच्च्या मांसाचे मोठे तुकडे लहान होत होत वस्तीभर पसरतात.

पण हेही लक्षात ठेवा की हा नियम मोठ्या जनावराचा आहे. बाईने गोळा केलेले मोंगोंगोचे दाणे, कंद, फळं तिच्या घरात जातात, ती मनाला येईल तेव्हा देते. एखादा ससा किंवा पक्षी एवढ्या फेऱ्यांतून जात नाही. "तिथे सगळं सगळ्यांचं असतं" हे वाक्य पर्यटन कंपनीच्या पत्रकात ठीक आहे. अभ्यासात लिहायचं तर कुठलं अन्न, केवढं, कुणी आणलेलं, हे सांगावं लागेल.

लींचा १९६९ चा एक छोटा लेख आहे, नाताळच्या बैलाचा, नॅचरल हिस्टरी मासिकात आलेला. जमलं तर मिळवून वाचा, तासाभरात होतो. वर्षभर सांभाळून घेतलं म्हणून लींनी नाताळच्या मेजवानीसाठी आसपास मिळेल तो सगळ्यात मोठा, चरबीदार बैल विकत घेतला. मग दिवसांमागून दिवस एकेक जण येऊन त्यांना सांगू लागला की बैल अगदी हाडांचा सापळा आहे, सगळे उपाशी राहणार, भांडणं होणार. बैल कापला तर जाड चरबीचा थर. मग सगळे हसू लागले. नंतर त्यांना समजावलं गेलं : मोठी शिकार करणारा तरुण स्वतःला इतरांचा मालक समजू लागतो, म्हणून त्याच्या शिकारीला नावं ठेवायची, त्याचं डोकं थंड ठेवायचं. कुणी चांगलं जनावर मारलं की तो स्वतःही "काही नाही, लहानसं आहे" असंच म्हणत येतो.

इथे थोडं थांबूया, कारण आपल्या मूळ वाक्याला पहिला तडा इथे जातो. वाटून खाणं म्हणजे सद्भावना, प्रेम, ऊब असं आपण धरून चाललो होतो. प्रत्यक्षात दिसतंय काय? नियम, कुरकुर, टोमणे, आणि कुणी वर चढू नये याची खबरदारी. यात जवळीक नाही असं नाही. पण समाज टिकवणारं यंत्र जर टोमणा असेल, तर ते प्रस्तावात यायला हवं.

पॉली वीसनर यांनी नंतर हे मोजलंसुद्धा. १९७० च्या दशकातल्या आपल्या नोंदींतली संभाषणं त्यांनी विषयवार लावली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसाच्या गप्पांपैकी ३४ टक्के तक्रारी, टीका, भांडणं. ३१ टक्के कामाधंद्याचं. गोष्टी फक्त ६ टक्के. रात्री शेकोटीभोवती मात्र ८१ टक्के वेळ गोष्टींचा. म्हणजे कुणी मांस कमी दिलं, कुणी लपवलं, कोण चिक्कू आहे, हे दिवसाउजेडी. आणि लांबच्या नातलगांच्या, लग्नांच्या, हत्तीपासून वाचलेल्यांच्या गोष्टी अंधार पडल्यावर. मला या अभ्यासात सगळ्यात आवडतं ते हे की डेटा जुना होता. वह्या चाळीस वर्षं पडून होत्या, प्रश्न नवा सुचला. तुमच्या विभागाच्या कपाटात जुन्या फील्ड नोट्स असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा बघा.

आता "का" हा प्रश्न. इथे मानववंशशास्त्रात प्राणिशास्त्र घुसतं, आणि विज्ञान शाखेतून आलेल्यांना थोडं घरी आल्यासारखं वाटेल.

सगळ्यात आधी सुचणारं स्पष्टीकरण : धोका वाटून घेणं. हाड्झा पुरुष मोठ्या जनावराच्या मागे गेला तर किती वेळा यशस्वी होतो? क्रिस्टन हॉक्स, जेम्स ओ'कॉनेल आणि निकोलस ब्लर्टन जोन्स यांनी १९८० च्या दशकातल्या नोंदींवरून दाखवलं की शिकारीच्या शंभर दिवसांतले सुमारे ९७ दिवस रिकामे जातात. आता कागद-पेन घ्या. एकट्या शिकाऱ्याला रोज ३ टक्के संधी असेल, तर सलग ३० दिवस काहीच न मिळण्याची शक्यता ०.९७ चा ३० वा घात, म्हणजे जवळपास ४० टक्के. दर पाच महिन्यांतले दोन महिने मोठं मांस नाही. दहा शिकाऱ्यांची वस्ती असेल आणि प्रत्येकाचं नशीब स्वतंत्र धरलं, तर पूर्ण आठवडा सगळ्यांचाच रिकामा जाण्याची शक्यता ०.९७ चा ७० वा घात, म्हणजे साधारण १२ टक्के. वाटून खाल्लं तर सरासरी तीच राहते, चढउतार मात्र खूप कमी होतो. शिवाय एका माणसाचं कुटुंब जिराफ संपवू शकत नाही, उन्हात मांस टिकत नाही, आणि वासावर तरस येतात.

सुंदर गणित आहे. पण यातून फक्त एवढंच कळतं की वाटल्याने वस्तीचा फायदा होतो. मी स्वतः शिकारीला न जाता आयता वाटा घेतला तर माझा त्याहून जास्त फायदा होतो, त्याचं काय? हे गणित चालायचं तर देणाऱ्याला परत मिळायला हवं आणि न देणाऱ्याला कमी मिळायला हवं. म्हणजे आता आपल्याकडे तपासता येईल असं भाकीत आलं : जो देत नाही, त्याचा वाटा आटतो का? मोठ्या शिकारीबाबत हॉक्स आणि मंडळींना तसं दिसलं नाही. आळशी शिकाऱ्यालाही वाटा, चांगल्यालाही वाटा.

मग दुसरं स्पष्टीकरण येतं, आणि ते जरा बोचरं आहे. ब्लर्टन जोन्स मुळात पक्ष्यांच्या वर्तनाचे अभ्यासक, निको टिनबर्गन यांचे विद्यार्थी. १९८४ मध्ये त्यांनी मांडलं की वाटप म्हणजे कदाचित 'सहन केलेली चोरी' असेल. विचार असा : माझ्याकडे पन्नास किलो मांस आहे, तुझ्याकडे काही नाही. पहिला किलो तुझ्यासाठी जीवनमरणाचा, माझा पन्नासावा किलो मला जवळपास निरुपयोगी. तू तो मिळवायला जिवावर उदार होऊन भांडशील, मी तो राखायला भांडणार नाही. म्हणून देऊन टाकतो. यात परतफेड नाही, दानत नाही, फक्त भांडणाचा हिशोब आहे. आणि भाकीत वेगळं आहे : वाटप अन्नाच्या आकारावर अवलंबून असेल. मोठं आणि एकदम आलेलं अन्न फिरेल, थोडं थोडं येणारं घरात राहील. जुहोआन्सींचे मोंगोंगो आठवा.

हॉक्स यांनी यापुढे विचारलं, की मग कुणी मोठ्या जनावराच्या मागे जातंच कशाला? ससे, मध, कंद आणले तर घरच्यांना जास्त मिळेल. त्यांचं उत्तर : मिरवायला. मोठी शिकार सगळ्यांना दिसते, नाव होतं. आता ब्रायन वुड आणि फ्रँक मार्लो यांनी २०१३ मध्ये बरोबर उलट दाखवलं. त्यांच्या हाड्झा नोंदींत पुरुषाने आणलेल्या अन्नाचा मोठा भाग त्याच्या स्वतःच्या घरात आणि जवळच्या नातलगांत राहत होता. त्याच लोकांवरचे अभ्यास, आणि दोन उत्तरं! कोण खोटं बोलतंय?

कुणीच नाही. तुम्ही मोजायला कुठे उभे राहता, त्यावर बरंच अवलंबून असतं. जनावर कापलं जातं तिथे उभे राहिलात तर एक वाटप दिसेल, संध्याकाळी चुलींशेजारी बसलात तर दुसरं. एल्यांडसारखी जनावरंच मोजलीत तर वस्तीभर पसरलेलं दिसेल, मध आणि छोटी शिकारही धरलीत तर घराकडे झुकलेलं दिसेल. काही अन्न तर वस्तीत पोचतच नाही, माणूस मध काढतो तिथेच उभा राहून खातो. हंगाम बदलला, वस्तीतली माणसं बदलली, की आकडे बदलतात. २०२० मध्ये एका गटाने आणखी एका बाजूने पाहिलं : चांगला शिकारी म्हणून नाव असलेल्या हाड्झा पुरुषांचं किंवा त्यांच्या बायकांचं पोषण इतरांपेक्षा बरं आहे का, हे शरीराच्या मोजमापांवरून तपासलं. तसा पुरावा मिळाला नाही. वाद चालू आहे. तुम्ही लिटरेचर रिव्ह्यू लिहाल तेव्हा "अमुक म्हणतो, तमुक म्हणतो" अशी यादी करू नका. कोण कुठे उभं राहून काय मोजत होतं, ते लिहा. अर्धी भांडणं तिथेच उलगडतात.

मागणे या क्रियापदाकडेही बघायला हवं. १९५८ पासून हाड्झांबरोबर काम केलेले जेम्स वुडबर्न आग्रहाने सांगायचे की हे वाटप म्हणजे देवाणघेवाण नव्हेच. देणारा उदार म्हणून देत नाही, घेणारा हक्काने मागतो, आणि घेतल्यावर उपकाराचं ओझं राहत नाही. आपल्याला वाटतं की अन्न देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे वाहतं, तर गोष्टीचा नायक देणारा. तिथे गोष्ट मागणाऱ्यापासून सुरू होते. तुमच्या प्रश्नावलीत "तुम्ही गेल्या आठवड्यात कुणाला अन्न दिलं?" असा प्रश्न असेल, तर "तुमच्याकडे कुणी मागितलं? तुम्ही कुणाकडे मागितलं? मागितलं जाऊ नये म्हणून काय लपवलं?" हेही विचारावं लागेल. शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळायला तिथे बराच काळ राहावं लागतं, पंधरा दिवसांच्या फील्डवर्कमध्ये ते होत नाही.

प्रयोग करता येतो का? कोरेन अपिसेला आणि सहकाऱ्यांनी केला, २०१२ मध्ये नेचरमध्ये आला. १७ हाड्झा वस्त्यांमधल्या २०५ प्रौढांना पैशांऐवजी मधाच्या नळ्या दिल्या, कारण मध त्यांना मनापासून आवडतो. प्रत्येकाला चार नळ्या. हव्या तेवढ्या स्वतःकडे ठेवा, हव्या तेवढ्या वस्तीच्या सामायिक वाट्यात टाका. टाकलेल्यांच्या तिप्पट करून सगळ्यांत सारख्या वाटल्या जातील. कुणी काय टाकलं ते गुप्त. दिसलं असं की काही वस्त्या बऱ्यापैकी देणाऱ्या होत्या, काही हात आखडणाऱ्या, आणि देणारे देणाऱ्यांशी जोडलेले होते. लगेच मनात येतं की चांगली माणसं चांगल्यांना शोधून एकत्र राहत असतील. हाड्झा वस्त्या सतत बदलतात, माणसं येतात-जातात, तेव्हा हे शक्यही वाटतं. पण याच गटाने पुढे सहा वर्षं पुन्हा पुन्हा तोच खेळ खेळवला आणि २०१८ मध्ये निकाल दिला : माणूस आधी किती देत होता यापेक्षा तो आत्ता ज्या वस्तीत आहे तिथले किती देतात, यावरून त्याचं वागणं जास्त ओळखता येतं. उदारपणा माणसाला चिकटलेला नव्हता, वस्तीला होता. आपल्या मूळ वाक्यातला "समुदाय" हा शब्द मला इथे पहिल्यांदा काही काम करताना दिसतो. (अर्थात मधाची नळी म्हणजे एल्यांडची मांडी नव्हे. गुप्तपणे देणं हीच त्या लोकांसाठी विचित्र गोष्ट आहे, कारण एरवी सगळं सगळ्यांसमोर मागून होतं.)

समुदाय किती मोठा, हाही प्रश्न आहे. जुहोआन्सींमध्ये 'हारो' नावाची भेटींची साखळी आहे. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी, बाण, कपडे अशा वस्तू ठराविक जोडीदारांना द्यायच्या, काही महिन्यांनी त्यांच्याकडून काहीतरी येतं. जोडीदार दोनशे किलोमीटरवरही असू शकतो. यात अन्न सहसा नसतंच! पण वीसनर यांनी १९७० च्या दशकात पाहिलं की हवामानाने दगा दिला, मोंगोंगोचं पीक गेलं, शिकार जमेना, तेव्हा लोकांनी आधी लांबच्या नातलगांची आठवण काढायला सुरुवात केली, मग मणी ओवायला, आणि मग वस्तीतली बरीच माणसं आपापल्या हारो जोडीदारांकडे राहायला निघून गेली. तिथे त्यांना पाणवठ्यावर बसायचा आणि खायचा हक्क होता. मण्यांची माळ म्हणजे भुकेचा विमा. फक्त जेवणाच्या वेळी निरीक्षण करणाऱ्याच्या नजरेतून हे पूर्ण निसटलं असतं.

शेती करणाऱ्या समाजाकडेही एकदा नजर टाका. झांबियातल्या बेम्बा लोकांवरचं ऑड्री रिचर्ड्स यांचं १९३९ चं पुस्तक अन्नावरच्या सगळ्या अभ्यासांचं मूळ मानलं जातं. बाजरीवर्गीय धान्याच्या पिठाची घट्ट 'उब्वाली' खाल्ल्याशिवाय बेम्बा माणूस "मी जेवलो" म्हणत नाही, हे त्यांनी नोंदवलं. नवरा लग्नानंतर बायकोच्या गावी येतो, नव्या नवरीची वेगळी चूल लगेच नसते, आई-मुली मिळून रांधतात. तिथे वाटपाचा कणा शिकारी पुरुष नसून आई-मुलीची साखळी आहे. रिचर्ड्स यांनी उपासमारीचं एक कारण असं दिलं की पुरुष तांब्याच्या खाणींत गेले, झाडांच्या फांद्या तोडून जाळायची शेती बंद पडली. १९९४ मध्ये हेन्रिएटा मूर आणि मेगन व्हॉन यांनी त्याच भागाचा पुन्हा अभ्यास करून ते चित्र गुंतागुंतीचं केलं. बायका हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या, कसावा होता, नाती बदलून मजूर मिळवले जात होते. जुन्या कामाच्या जागी परत जाणं हा पीएच.डी.साठी चांगला विषय असतो. फारसं कुणी करत नाही, कारण "नवीन काय?" हा प्रश्न आधीच घाबरवतो.

आणि आज? लींच्या नोंदींतच आहे की डोबेच्या काहींनी गुरं-शेळ्या पाळायला घेतल्या तेव्हा भयंकर पेच झाला. कळप वाढवायचा तर कापायचं नाही. नातलग दारात येऊन मांस मागतात. दिलं तर कळप संपतो, नाही दिलं तर चिक्कू म्हणून जगणं कठीण. १९८० मध्ये जॉन मार्शल यांचा न्आय या जुहोआन बाईवरचा माहितीपट आला. 'द गॉड्स मस्ट बी क्रेझी' तुम्ही पाहिला असेल, त्याच्या चित्रीकरणाची दृश्यंही त्यात आहेत. तोपर्यंत ही माणसं त्सुमक्वे नावाच्या सरकारी वसाहतीत येऊन पडली होती, शिकार संपली होती, रेशनचं पीठ होतं, आणि न्आयला कॅमेऱ्यासमोर काम करून पैसे मिळत होते. लोक तिच्याकडे मागतात, ती वैतागते, तिच्यावर जळतात, शिव्या देतात. मांसासाठी घडलेला नियम पगाराला लावला की काय होतं, ते त्यात दिसतं. मांस कुजतं, नोट कुजत नाही. सहन केलेल्या चोरीचं मॉडेल इथे लावून बघा, पन्नासाव्या नोटेची किंमत पहिलीपेक्षा किती कमी असते? मला वाटतं या प्रश्नावर एक प्रबंध सहज होईल.

शेवटचा मुद्दा तुमच्या प्रस्तावातल्या एथिक्सच्या पानाबद्दल. या समाजांवर इतकं संशोधन झालंय की लोक कंटाळलेत. आकडे आम्ही द्यायचे, पदवी तुम्ही घ्यायची, आणि पुस्तक आमच्यापर्यंत येतच नाही, ही त्यांची जुनी तक्रार. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सॅन समुदायांनी (जुहोआन्सींचे हे दूरचे भाईबंद) संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि रीतसर प्रक्रिया असे तिचे भाग आहेत. परवानगी कुणाकडून घ्यायची, निष्कर्ष लोकांना समजतील असे परत कसे आणून द्यायचे, फायद्यात त्यांचा वाटा काय, हे त्यात स्पष्ट मागितलंय. मोजकीच पानं आहेत, सोप्या इंग्रजीत. तुमचं फील्ड कालाहारीत नसून गडचिरोलीत किंवा पालघरमध्ये असलं तरी प्रश्नावली छापायला टाकण्याआधी ती वाचून घ्या, आणि तुमच्या बजेटमध्ये परत जाऊन निष्कर्ष सांगण्याच्या प्रवासाचा खर्च आधीच धरा. नंतर तो मंजूर होत नाही.